मरूननंतर पांढरा

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. कुणाशी कसा भांडलो, कोणत्या व्यापाऱ्याला चहावर चहा पाजून भाव कसा पाडला, कुणाचा कसा अपमान केला — रात्री जेवताना मीच तिला सांगत आलोय. हे एक मात्र नाही सांगितलं. मुलालाही नाही. अक्काला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते नीट मलाही कळत नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, एवढंच असेल.

माझा टॉवेलचा कारखाना आहे, सोलापुरात, अक्कलकोट रस्त्याला. मोहोळकडच्या गावातून आलो तेव्हा आधी दुसऱ्याच्या मागावर विणायला होतो, मग मागच भाड्यानं घेतले, मग स्वतःचे. मला कुणी काही दिलं नाही — हे वाक्य मी आयुष्यभर मिरवलंय. कामगारांना सुनावलंय, मुलाला सुनावलंय. पण ते खरं नाही. एकीनं दिलं होतं. तिचीच ही गोष्ट आहे.

पण आधी टॉवेलचं सांगतो. नाही सांगितलं तर तुम्हाला वाटेल, हा माणूस उगाचच एवढा जळत होता.

माझ्या बहिणीचं, अक्काचं, लग्न झालं तेव्हा माझ्या स्वतःच्या मागावर निघालेला पहिला टॉवेलचा जोड मी आहेरात दिला. पांढरा, निळ्या काठाचा. मागावर बसून मी स्वतः विणलेला. दाजी कॉलेजात प्रोफेसर, पुण्याकडचे, हळू बोलणारे, शुद्ध बोलणारे. महिन्याभरानं मी इथंच, सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, त्यांच्या घरी गेलो, तर दारात त्यांची स्कूटर उभी. आणि स्कूटरच्या हँडलवर माझा टॉवेल. ग्रीस लागलेला. त्यांनी माझ्यादेखत त्यानं सीट पुसली आणि म्हणाले, “या, या, आत या.”

झालं एवढंच. त्यांच्या ते लक्षातही नसेल. पण मी ते सोडलं नाही. पुढं मी त्यांना कार विकत घेताना पाहिलं, निवृत्त होताना पाहिलं, आणि दर वेळी माझ्या डोळ्यासमोर ती सीट यायची. आजही येते. राग गेलाय असं मी म्हणणार नाही. तो गेलेला नाही.

रेवती त्यांची मुलगी. माझी भाची.

ती कॉम्प्युटर शिकली. चांगली शिकली. आणि शिकून झाल्यावर सगळे पुण्याला पळतात तशी न जाता माझ्याकडे आली. “मामा, तुमच्या कारखान्यात मला एक करून बघायचंय.” मी म्हटलं, “पगार मिळणार न्हाय.” ती म्हणाली, “मागितलाय कुणी?”

कारखान्याचं खरं दुखणं यंत्रात नसतं, क्रमात असतं. कोणता माल कधी मागावर चढवायचा, कोणता आधी रंगवायचा, शिवणाऱ्या बायकांकडं कधी द्यायचा. माझ्याकडं रंगवायचं मशीन एकच. एक ऑर्डर पुढं सरकवली की दुसरी तीन ठिकाणी अडते. हे सगळं मी डोक्यात ठेवायचो आणि डोकं तापलं की ओरडायचो. माझी पद्धत तीच.

रेवतीनं जे आणलं त्याला ती लॉजिक प्रोग्रॅमिंग म्हणायची. मला तिनं समजावलं ते असं — इतर प्रोग्रामना पायरी पायरीनं सांगावं लागतं, आधी हे कर, मग ते कर. याला तसं नाही. याला फक्त काय खरं आहे ते सांगायचं, आणि काय चालणार नाही ते सांगायचं. मशीन एक आहे. मरून रंगवल्यावर मशीन उकळून धुवायला अर्धी पाळी, म्हणजे चार तास, जाते. धुतल्याशिवाय पांढरा माल ब्लीचिंगला आत जाणार नाही. शिवणाऱ्या बायका संध्याकाळच्या गाडीनं मोहोळला परत जातात. असे नियम. मग विचारायचं, या तारखेला हा माल निघेल का? तो स्वतः वाट शोधतो. एक रस्ता धरतो, पुढं भिंत लागली की मागं येतो, दुसरा धरतो. सगळे रस्ते संपले तर सांगतो — नाही.

मला ते फार आवडलं होतं, हे कबूल करतो. पुढं जाणं, अडणं, मागं येऊन दुसरीकडून शिरणं — घासाघीस करताना मी दुसरं काय करतो?

पण घासाघिशीत शेवटी थोडं ढिलं सोडायला लागतं. याच्यात ते नव्हतं. मी रेवतीला म्हणायचो, “तो धुलाईचा नियम जरा ढिला कर की.” ती हसायची. “मामा, ढिला नियम म्हणजे काय? धुतलं की धुतलं, न्हाय तर न्हाय.” “अगं, मधलं काहीतरी असतंय.” “तुमच्यात असतंय. याच्यात न्हाय.”

तिनं माझ्यासाठी केबिनमध्ये कॉम्प्युटर बसवला. नियम तिचे, आकडे माझे. कोणत्या कामाला किती वेळ ते मराठीत लिहिलेलं, समोर रिकामी चौकट, आकडा मी भरायचा. पासवर्ड माझा. तिनंच तसं केलं. “कारखाना तुमचा हाय, मामा, मी कशाला मधे?” यंत्राचं उत्तर कागदावर छापून निघायचं आणि तो कागद भिंतीवर लागायचा.

आणि चालायला लागलं हो. खरंच चालायला लागलं. पहिल्यांदा कुणी कुणाच्या अंगावर ओरडत नव्हतं. रंगखात्याचा यल्लप्पा, जो माझ्याशी दिवसातून चारदा भांडायचा, तो भिंतीपुढं उभा राहून कागद वाचायचा आणि जाऊन काम करायचा. त्याला म्हटलं, “आता माझ्याशी भांडत न्हाईस?” तो म्हणाला, “कागदाशी काय भांडायचं शेट? कागद शिव्या देत न्हाय.” चांगलं झालं होतं. पण त्यात एक वाईटही झालं, ते मला नंतर कळलं — आम्ही सगळ्यांनी विचार करायचं सोडलं. भिंतीवर आहे म्हणजे बरोबर आहे.

दुसऱ्या कारखानदारांना मी फुशारकीनं सांगायचो. काही जण बघायला येणार होते. रेवती त्यावरच पुढचं सगळं उभं करणार होती — इथंच, सोलापुरात, एक छोटं ऑफिस, हाताखाली दोन पोरी. तिनं नावसुद्धा ठरवलं होतं. मला सांगितलं नव्हतं, अक्काकडून कळलं होतं.

मग तो हॉटेलवाला आला.

मोठी हॉटेलं चालवणाऱ्या एका कंपनीचा खरेदी बघणारा माणूस. पांढरे टॉवेल हवे होते, आणि लवकर हवे होते. मी त्याला तारीख देऊन बसलो. का? कारण शेजारचा कारखानदार ती ऑर्डर घेणार हे मला कळलं होतं, म्हणून. आधीच मी सलूनवाल्यांच्या मरून मालाची तारीख दिलेली होती. पांढऱ्याचं विणकाम उशिरा उतरणार, म्हणजे मरून आधी रंगवणं आलं, मग धुलाई, मग पांढरा. हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मला वाटलं, होईल. आजपर्यंत कधी ना कधी झालंय.

तो माणूस चहा पीत म्हणाला, “तुमच्या कॉम्प्युटरचं फार ऐकलंय. विचारा की त्यालाच.” रेवती शेजारीच होती. तिनं प्रश्न टाकला. थोडा वेळ गेला. मग पडद्यावर तो एक शब्द आला — नाही.

ती सहज म्हणाली, “मामा, ही तारीख बसत न्हाय.”

तो माणूस हसला. “शेट, तुमचा कॉम्प्युटर तुमच्यापेक्षा खरा बोलतो.”

त्यात काय होतं? काही नव्हतं. थट्टा होती. रेवतीसुद्धा हसली, तिला वाटलं मीही हसेन. पण मी तिच्याकडं पाहिलं आणि मला — खरं सांगतो — मला रेवतीच ती सीट पुसताना दिसली. तशीच शांत, सहज. बापाची मुलगी. परक्या माणसासमोर, माझ्या केबिनमध्ये, माझ्या खुर्चीला खुर्ची लावून.

ती दुपारच्या गाडीनं पुण्याला गेली, दाजींच्या पुतण्याचं लग्न होतं, पुढं दहा-बारा दिवस तिकडंच राहणार होती. हॉटेलवाला म्हणाला, “संध्याकाळी माझी गाडी आहे, तोवर सांगा, नाही तर मी दुसरीकडं बघतो.” मी जेवायला गेलो नाही. केबिनचं दार लावलं, कॉम्प्युटरपुढं बसलो, आणि मरूननंतरच्या धुलाईपुढच्या चौकटीत अर्धी पाळी होती तिथं एक तास लिहिलं.

पुन्हा तोच प्रश्न विचारला. उत्तर आलं — हो. आणि खाली सगळा क्रम, कोणत्या वेळी काय, नीट.

तुम्हाला काय वाटतं, मला तेव्हा काय वाटलं असेल? भीती? नाही. मला वाटलं, बघ, शेवटी याच्याकडूनही मी हो म्हणवून घेतलंच.

संध्याकाळी रेवतीचा फोन आला. मागं लग्नाची गर्दी, बँडचा आवाज. मी सांगितलं, पुन्हा विचारलं, या वेळी हो म्हणालाय. ती म्हणाली, “असं कसं, मामा? तेच विचारलं तर तेच उत्तर येतं.” मी म्हटलं, “मला काय माहीत, कागद हातात हाय माझ्या.” मग ती म्हणाली, “मग सकाळी मीच काहीतरी चुकीचं टाकलं असेल.”

बघा, तिला पहिली शंका स्वतःची आली.

कागद भिंतीवर लागला. मरून माल निघाला, चांगला निघाला. मग यल्लप्पानं मशीन तासभर उकळून धुतलं. त्याला ठाऊक होतं की नाही? होतं. नंतर मला म्हणाला, “मला वाटलं, पोरीनं काहीतरी नवं औषध शोधलंय. कागदावर तास लिवलाय, तासच धुतलं.” आणि पांढरा माल आत गेला.

बाहेर आला तेव्हा ओला होता, ओल्यात कळत नाही. वाळल्यावर कळलं. कुठं जास्त, कुठं कमी, पण सगळ्याच मालावर गुलाबी झाक. रडून उठलेल्या माणसाच्या डोळ्यांसारखी. हॉटेलवाल्यानं एक टॉवेल उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, खाली ठेवला. ऑर्डर गेली.

आता इथं मला थांबावंसं वाटतंय. कारण इथपर्यंतचं तुम्ही मला माफ कराल असं वाटतं — तापट माणूस, एकदा चुकला. पण मी हे सांगायला बसलो नव्हतो.

यल्लप्पानं खालून हाक मारली, शेट, माल बघा, तेव्हा मी माल बघितला, आणि रेवतीला फोन करायच्या आधी जिना चढून केबिनमध्ये गेलो. दार लावलं. एक तास पुसला. अर्धी पाळी लिहिली. मग फोन उचलला, आणि ओरडायला लागलो.

ती पुण्याहून आली तशी स्टेशनवरून थेट कारखान्यात. बॅग खांद्यालाच. भिंतीवरचा कागद काढून घेतला, कॉम्प्युटरपुढं बसली, तोच प्रश्न विचारला. आलं — नाही. पुन्हा विचारला. नाही. कागदावर हो आणि धुलाईला एक तास, पडद्यावर नाही आणि चौकटीत अर्धी पाळी; तो तास कुठून आला ते तिला कळेना. ती कागदाकडं बघायची, पडद्याकडं बघायची. तिच्या विद्येचा सगळा पायाच तो होता — तेच विचारलं तर तेच उत्तर. तिचा तो पाया मी काढून घेतला होता, आणि शेजारी खुर्चीत बसून तिच्याकडं बघत होतो.

त्यानंतर ती रोज यायची. आपणच लिहिलेलं ओळ न् ओळ तपासायची. मी खाली-वर जाताना काचेतून तिची पाठ दिसायची. जेवणाचा डबा तसाच. नसलेली चूक शोधत बसलेली माझ्या बहिणीची मुलगी. मी एकदा चहा पाठवला. तेवढंच केलं.

एक दिवस तिनं विचारलं. विचारणारच होती, हुशार होती. अगदी हळू, मान खाली घालून. “मामा, धुलाईचा आकडा तुम्ही बदलला होता का?”

तेव्हा हो म्हणायचं होतं. तिनं वाट करून दिली होती, दार उघडं ठेवलं होतं.

मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, “म्हणजे मी खोटा? बापासारखीच निघालीस. आमच्या मालानं गाडी पुसायची आणि वर आम्हालाच शिकवायचं.” तिला त्या गाडीचं काही कळलं नाही, कसं कळणार? खाली मागांचा आवाज चालू होता, तरी माझा आवाज सगळ्यांनी ऐकला. राग मला येतो, हे खरं आहे. पण त्या दिवशी तो आला नव्हता. मी आणला होता. लोक माझ्या रागाला घाबरून विषय सोडतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी त्यावरच उभा राहिलोय.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, “आकडा कधी बदलला, कुणी बदलला, हे कळायची सोय मी ठेवायला हवी होती. ती ठेवली न्हाय. चूक माझी हाय, मामा. मला माफ करा.”

हे बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती. तिला कळलं होतं का? कळून तिनं माझी लाज राखली? की खरंच स्वतःला दोष देत होती? मी आजवर ठरवू शकलेलो नाही. आणि यातलं कुठलं जास्त वाईट, तेही नाही.

मी म्हटलं, “जाऊ दे. होतं असं.”

माफ केलं मी तिला. समजतंय का तुम्हाला? मी तिला माफ केलं.

आणि अजून एक राहिलंय. हे सगळ्यात खाली होतं.

त्या संध्याकाळी दाजींचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी आपणहून मला फोन केला नव्हता. म्हणाले, “रेवतीमुळं तुमचं फार नुकसान झालं. तिच्या वतीनं मी क्षमा मागतो.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी मुद्दाम थोडा वेळ काहीच बोललो नाही. त्यांना तिथं उभं राहू दिलं. मग म्हटलं, “पोर हाय. शिकेल हळूहळू.”

मला ते गोड लागलं. फोन ठेवून मी अंगणात उभा राहिलो आणि मला हलकं वाटलं, फार दिवसांनी हलकं वाटलं. खरं सांगितलं असतं तर हे परत द्यावं लागलं असतं. म्हणून सांगितलं नाही. भीतीपोटी नाही, लाजेपोटी नाही. ते मला ठेवायचं होतं.

बघायला येणार होते त्या कारखानदारांनी विचारलं, तेव्हा गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, “पोरीच्या नादी लागू नका. माझं बघा काय झालं.” एकही आला नाही. ऑफिस झालं नाही. रेवती पुण्याला गेली. आता कुठल्याशा बँकेच्या ॲपमध्ये गिऱ्हाइकांच्या तक्रारी येतात, त्या निस्तरते. पगार चांगला आहे, अक्का सांगते. ते नियमांचं काम पुन्हा केलं नाही, हेही अक्काच सांगते. “तिचा त्यावरचा भरवसाच उडाला रे,” म्हणते. मी मान हलवतो.

तो कॉम्प्युटर अजून केबिनमध्ये आहे. कारखाना पुन्हा माझ्या डोक्यावर आणि माझ्या ओरडण्यावर चालतो. कधीतरी दुपारी मी दार लावून तो चालू करतो. तोच जुना प्रश्न विचारतो. अर्धी पाळी ठेवून विचारलं तर नाही. एक तास लिहून विचारलं तर हो. कितीदाही विचारा. मग पुन्हा अर्धी पाळी लिहून बंद करतो.

तो गुलाबी माल कुणी घेईना. थोडा मोहोळच्या बाजारात गेला, थोडा कामगारांना दिला, थोडा नातेवाइकांत वाटला. अक्काच्या घरी एक गठ्ठा गेला.

गेल्या सुट्टीत रेवती आली होती. अक्कानं मला जेवायला बोलावलं. दाजी आता थकलेत, ऐकू कमी येतं, पण मला बघून उठून उभे राहिले. जेवण झालं. मी मोरीत हात धुवायला गेलो. हात धुऊन वळलो तर रेवती दारात उभी, हातात टॉवेल. फिकट गुलाबी. धुऊन धुऊन मऊ झालेला, पण झाक तशीच.

“घ्या मामा,” ती म्हणाली.

मी हात पुसले. वाळले तरी पुसत राहिलो. ती उभी होती. मग मी टॉवेल परत दिला, आणि तिनं त्याची टोकं जुळवून नीट घडी घातली आणि दांडीवर टाकला.